आजीच्या ट्रंकेतली पत्रं आणि अमळनेरचा जुना पत्ता: घर कसं शोधायचं?

तांबडी_ट्रंक

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझी आजी, म्हणजे आईची आई, गेल्या आषाढात गेली. वय ९८. तिच्या पलंगाखाली एक तांबडी पत्र्याची ट्रंक असायची आणि तिला नातवंडांनी हात लावायचा नाही हा घरचा नियम होता, तर दिवसकार्य झाल्यावर आईने ती उघडली आणि आत दोन नऊवारी, एक चांदीचा करंडा आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली ४७ पत्रं निघाली. बहुतेक कार्डं आहेत, सात-आठ पाकिटं. सगळी आजीला नाशिकला आलेली, कारण लग्न होऊन ती १९४० ला नाशिकला आली आणि मग शेवटपर्यंत तिथेच राहिली. माहेर अमळनेर, एवढंच आम्हाला माहीत. अमळनेरबद्दल ती कधी बोलायची नाही, फार विचारलं तर म्हणायची नदी होती आणि माडीवरून वाडीची, म्हणजे तिथल्या देवस्थानाची, घंटा ऐकू यायची, बस.

पत्रांतली जास्तीत जास्त "माई"ची आहेत. वाकडंतिकडं बाळबोध अक्षर, सुरुवात दर वेळी "चि. सौ. पोरीस अनेक आशीर्वाद" आणि शेवटी "तुझी माई". ११ पत्रं मोडी लिपीत आहेत, ती मला अजिबात वाचता येत नाहीत, पण आई म्हणते ते अक्षर तिच्या आजोबांचं, म्हणजे आजीच्या वडिलांचं असणार, ते अमळनेरला मिलमध्ये कारकून होते. आई पाच-सहा वर्षांची असताना, १९५२ ला ते गेले. तिला एवढंच आठवतं की ते नाशिकला यायचे तेव्हा कापडी पिशवीत भरिताची वांगी आणायचे, पिशवीला कायम वांग्याच्या देठाचा वास असायचा.

पत्ता म्हणाल तर आजीच्या लग्नपत्रिकेवर असा आहे: मु. अमळनेर, जि. पूर्व खानदेश, बोरीकाठी, वाडीमागे, सराफांचे घरात, माडीवर. बोरी म्हणजे तिथली नदी, पण घर नंबर नाही, गल्ली नाही, काहीच नाही. मॅपवर शोधून काही मिळत नाही. एका ऑफिसात फोन केला तर सर्व्हे नंबर असल्याशिवाय काही सांगता येणार नाही म्हणून फोन ठेवून दिला.

मला तीन गोष्टी हव्यात. ते घर अजून आहे का आणि कुठे आहे. पणजोबा अमळनेरला यायच्या आधी मूळ गाव कोणतं, कारण आडनावावरून काही कळत नाही. आणि माई, म्हणजे माझी पणजी, तिचं नाव-माहेर काय, मी वंशावळ करायला घेतलीय त्यात पणजीच्या चौकटीत नुसतं "माई" लिहून ठेवलंय आणि ते बघून मला फार वाईट वाटतं. काही पत्रांवर साल नाही, एकावर फक्त "भाद्रपद शु. ५" आहे. एका कार्डाचा कोपरा उंदराने खाल्लाय, बाकी अवस्था चांगली आहे. कुठून सुरुवात करू?

निवृत्त_डाकवाला

ताई, टपाल खात्यात ३४ वर्षं काढली, शेवटची बारा भुसावळला. तुमचं वाचून बरं वाटलं, लोक अशी कार्डं रद्दीत घालतात हो.

पहिली गोष्ट, आतला मजकूर बाजूला ठेवा आणि आधी बाहेरून वाचायला लागा. कार्डावर दोन शिक्के असतील, एक जिथून टाकलं तिथला आणि एक जिथे पोचलं तिथला, त्या वेळी पोचलेल्या ऑफिसचाही शिक्का मारायचे. साल नाही म्हणताय ते लिहिणाऱ्याने घातलं नसेल पण शिक्क्यात असतं, पुसट असेल तर कार्ड तिरपं धरून मोबाईलचा टॉर्च बाजूने मारा, दाब पडलेला असतो तो सावलीत उमटतो. आणि गावाचं नाव नीट बघा. सगळ्यांवर अमळनेरच आहे का? एखाद्यावर दुसरं गाव असेल, पारोळा, धरणगाव, चोपडा काहीही, तर तो माणूस तेव्हा तिथे का गेला होता ते शोधायचं. दिवाळीला किंवा पितृपक्षात टाकलेलं कार्ड परगावचं असेल तर बऱ्याचदा तेच मूळ गाव निघतं.

शिक्का अगदीच गेला असेल तर तिकिटावरचा राजा बघा. पाचवा जॉर्ज दाढीवाला, तो जानेवारी १९३६ ला वारला. त्यानंतरचा सहावा जॉर्ज बिनदाढीचा. आणे-पै असेल तर १९५७ च्या आधीचं, नये पैसे असेल तर १ एप्रिल १९५७ नंतरचं. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. आणि पूर्व खानदेश म्हणजे आताचा जळगाव जिल्हा बरं का, १९०६ ला खानदेशचे दोन तुकडे झाले, पूर्वचं ठाणं जळगाव, पश्चिमचं धुळे, आणि १९६० ला ही नावं जाऊन जळगाव-धुळे आली. नंदुरबार जिल्हा तर १९९८ चा. हे सांगतो कारण कुणी तुम्हाला नंदुरबारचे जुने कागद नंदुरबारलाच मिळतील म्हणेल, पण जुनं दप्तर ज्या ठाण्याला होतं तिथे आधी विचारायचं. तालुक्यांचंही तसंच, जुन्या कागदावर एदलाबाद दिसलं तर ते आजचं मुक्ताईनगर.

पाकिटं आणि पत्रं वेगळी करू नका. कुठलं पत्र कुठल्या पाकिटातलं हे एकदा विसरलं की परत जुळत नाही. आणि मनीऑर्डरची कूपनं आहेत का त्यात? असली तर फोटो टाका, नावं झाका.

मोडीचा_नाद

मी मोडी वाचतो, शिक्षक आहे, सुट्टीत हेच करतो. ११ पत्रांचे फोटो मेसेजमध्ये पाठवा, पैसे वगैरे काही नाही. फक्त फोटो सरळ वरून काढा, उजेड खिडकीचा, फ्लॅश नको.

तोपर्यंत बाळबोध पत्रांत एक काम तुम्ही स्वतः करू शकता. मायने बघा, म्हणजे नावाआधी काय लिहिलंय. आपल्याकडे मायन्यात माणसाची अख्खी माहिती असायची. ती. म्हणजे तीर्थरूप, वडीलधारं. चि. म्हणजे धाकटं. सौ. म्हणजे नवरा आहे, गं. भा. म्हणजे गंगाभागीरथी, नवरा गेलेला. एकाच बाईला एका पत्रात सौ. आणि पुढच्या पत्रात गं. भा. लिहिलेलं असेल तर त्या दोन तारखांच्या मध्ये तिचा नवरा गेला, याला दुसरा पुरावा लागत नाही. शि. सा. न. वि. वि. असेल तर लिहिणारा लहान, अ. उ. आ. म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद असेल तर लिहिणारा मोठा. यावरून कोण कोणाचा कोण ते वहीत मांडत जा.

शके असेल तर ७८ मिळवायचे. शके १८६२ म्हणजे १९४०. फक्त १ जानेवारी ते गुढीपाडवा या काळातलं, म्हणजे बहुतेक पौष, माघ, फाल्गुन, असेल तर ७९ मिळवा, इथे भले भले चुकतात आणि सगळी वंशावळ एक वर्षाने सरकते.

आणि साल नसलेल्या पत्रात काय बातमी आहे ते सांगा. तुमच्या त्या भाद्रपद शु. ५ वाल्यात काय लिहिलंय?

तांबडी_ट्रंक

बापरे, किती माहिती. दोघांचे मनापासून आभार.

भाद्रपद शु. ५ च्या पत्रात ऋषीची भाजी केली, काकडी मिळाली नाही, मिल बंद-चालू आहे, असं आहे आणि मध्येच एक वाक्य: "नंदुरबारास पोरांवर गोळ्या घातल्या असे सगळीकडे बोलतात, पोरे शाळेची होती, मला दोन दिवस अन्न गेले नाही."

मनीऑर्डरचं एक कूपन सापडलं. ५ रुपये पाठवलेत "दिवाळीस चोळी घेणे". शिक्का वाचता आला, ऑक्टोबर १९४१. पाठवणाराचं नाव दुसऱ्या कुणाच्या तरी चांगल्या अक्षरात आहे, "गं. भा." आणि पुढे नाव-आडनाव. आडनाव आमच्या पणजोबांचं नाही. ते बघून मी चक्रावलेय, माहेरचं आडनाव लावायची का माई?

मोडीचा_नाद

नंदुरबारचं पत्र १९४२ चं. ९ सप्टेंबर १९४२ ला तिथे मिरवणुकीवर गोळीबार झाला, त्यात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गेले. ऋषिपंचमी त्यानंतर आठवड्याभरात आली. म्हणजे बातमी ताजी असताना लिहिलेलं पत्र आहे ते, जपा.

आता दुसरं. तुम्ही वर लिहिलंय की पणजोबा १९५२ ला गेले. मग १९४१ ला माई गं. भा. कशी? तुमच्या पणजोबांची बायको असती तर सौ. लिहिलं असतं. कूपन भरणारा पोस्टातला माणूस समोरच्या बाईला विचारूनच लिहिणार. आडनावही वेगळं. ताई, मला वाटतं माई तुमच्या आजीची आई नाही. चौकटीतून नाव खोडू नका एवढ्यात, पण पेन्सिलने लिहा.

बोरीकाठ

अमळनेरचाच आहे, जन्म इथला. पत्ता वाचला आणि हसू पण आलं आणि डोळे पण भरून आले, कारण आमचे आजोबा असाच पत्ता सांगायचे. जुन्या पत्त्यात जागा नसते हो, माणूस असतो. अमक्याच्या घरात, तमक्याच्या मागे. "सराफांचे घरात माडीवर" याचा सरळ अर्थ तुमचे पणजोबा भाडेकरू होते. म्हणजे त्यांच्या नावाने कितीही शोधलं तरी मालमत्तेच्या कागदांत ते बहुतेक सापडणार नाहीत, भाडेकरूची नोंद कोण ठेवतो. तुम्हाला शोधायचा आहे घरमालक.

आणि सराफ हे आडनाव असेलच असं नाही, धंदा असेल. आमच्याकडे घराला धंद्याचं नाव पडतं आणि धंदा बंद होऊन दोन पिढ्या झाल्या तरी नाव तसंच. पण आता तुमच्याकडे कूपन आहे! ती बाई घरमालकांकडचीच असू शकते, म्हणून त्यावरचं आडनाव घेऊन नगर भूमापन ऑफिसला जायचं, तिथे मिळकत पत्रिका असते, प्रॉपर्टी कार्ड म्हणतात तेच, वाडीमागच्या भागातले सिटी सर्व्हे नंबर काढून त्या आडनावाची मिळकत बघायची. घर पडलं, विकलं, दुकान झालं तरी सिटी सर्व्हे नंबर सहसा जात नाही, आणि कार्डावर आधीच्या धारकांची नावं कंसात किंवा गोल करून राहतात. फोनवर कुणी सांगणार नाही, समोर बसून अर्ज करावा लागतो. नगरपालिकेत घरपट्टीचं जुनं आकारणी रजिस्टर असतं ते वेगळं. आणि कधी खरेदीखत हाती लागलं तर त्यातली चतुःसीमा सोडू नका, पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस रस्ता, शेजाऱ्यांची नावं फुकट मिळतात.

पणजोबांसाठी मालमत्ता सोडा, शाळा धरा. आजी अमळनेरला शिकली असेल तर मुलींच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तिची ओळ असणार, जन्मतारीख, जन्मगाव, जात, पालकाचं नाव, शाळा कधी सोडली आणि का, सगळं एका ओळीत. वारस असल्याचं दाखवून निर्गम उतारा मागता येतो. एक मात्र सांगतो, अमळनेरात कुणालाही विचाराल तर आमचे आजोबा साने गुरुजींचे विद्यार्थी असं सांगतील. गुरुजी इथे १९२४ ते १९३० शिक्षक होते, त्यांच्याबद्दल लोकांचं प्रेम एवढं आहे की मागची-पुढची सगळी पोरं त्यांच्याच वर्गात जाऊन बसतात. आठवण आदराने ऐकायची आणि साल रजिस्टरमध्ये बघायचं.

येत्या रविवारी मी स्वतः जाऊन बघतो. वाडीमागचा भाग माझ्या पायाखालचा आहे.

गल्ली_नंबर_चार

धुळ्याचा. माझे हाल वाचा म्हणजे तुम्ही तेच करणार नाही. आमच्या आजोबांच्या पत्रांवर पत्ता एकदम पक्का होता, धुळे, ग. नं. ४ आणि पुढे घर नंबर. धुळ्यात कॅप्टन ब्रिग्जच्या काळापासून ओळीने नंबरच्या गल्ल्या आहेत, त्यामुळे वाटलं आपलं काम सोपं. दोन उन्हाळे मी त्या नंबरच्या घराची कडी वाजवत होतो, ते लोक चहा पाजायचे आणि म्हणायचे आम्ही इथले पिढीजात, तुमचे आजोबा इथे नव्हते. मग एका म्हाताऱ्या शिंप्याने सांगितलं की घरांचे नंबर मध्ये बदललेत. आमचं घर त्याच्यापुढे सहा दारं सोडून होतं. कुणी सांगितलंच नाही आधी, ऑफिसात तीनदा जाऊन आलो होतो तरी. म्हणून पत्त्यात नंबर असला म्हणजे झालं असं धरू नका, तुमच्या पत्त्यात घंटा आणि नदी आहे, ती बदलत नाही.

मूळ गाव आम्हाला मिळालं नाशिकला. तुम्ही तर नाशिकशी जोडलेल्या. गोदावरीवर जे तीर्थोपाध्ये आहेत त्यांच्याकडे नामावळ्या असतात, लांबट वह्या, कोण कधी आलं, कुणाचं श्राद्ध केलं, बरोबर कोण होतं, गाव कोणतं, आणि खाली आलेल्याची सही. त्र्यंबकलाही आहेत. गाव किंवा आडनाव सांगितलं की कोणत्या उपाध्यायांकडे तुमचं घराणं ते आपसात सांगतात. आमच्या वहीत खापरपणजोबांची सही निघाली, मोडीत, आणि शेजारी गाव, शिरपूर तालुक्यातलं, ज्याचं नाव घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. मी त्या पानावर हात ठेवून बसलो होतो बराच वेळ. गुरुजी काही बोलले नाहीत, त्यांना सवय असणार.

मोडी वाचणारं कुणी हवं असेल तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ ला धुळ्यातच वारले, त्यांच्या दप्तरासाठी उभं राहिलेलं. तिथे मोडीची जाणकार माणसं भेटतात.

आणि हात जोडून एक विनंती, काहीही लॅमिनेट करू नका. मी आजोबांची दोन कार्डं करून घेतली, टिकावीत म्हणून. आतल्या आत शाई पसरली, आता एक ओळ वाचता येत नाही. सेलोटेपही नको. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, साध्या कागदाच्या पाकिटात ठेवा, धातूची पिन असेल तर काढा, गंज कागद खातो.

हतनूरकाठ

पणजोबांचं मूळ गाव तापीकाठी निघालं तर एक लक्षात ठेवा, हतनूर धरणात रावेर-एदलाबादकडची आमची गावं उठली. नकाशावर नाव दिसतं ते नव्या गावठाणाचं, जुनं गाव पाण्याखाली किंवा पाण्याच्या काठी, ओटे आणि चिंचा राहिल्यात. तुम्ही नव्या गावात जाऊन घर शोधाल आणि ते तिथे कधीच नव्हतं. मंदिर हलवलं असेल तर पुजाऱ्याला विचारा, कोण कुठे गेलं ते त्याला माहीत असतं.

आणि आमच्या लेवा समाजात भाट येतात पोथी घेऊन, पिढ्या वाचून दाखवतात. तुमच्या समाजात येत असतील तर घरातल्या सगळ्यात थोरल्या शाखेकडे विचारा, भाट तिथेच उतरतो. फक्त त्यांच्या पोथीत लेकी-सुना कमी असतात, बहुतेक पुरुषांचीच नावं. बाई शोधायची तर पत्रंच.

अजून एक, कुणबी नोंदी शोधायला शासनाने २०२३ ला न्या. शिंदे समिती नेमली तेव्हापासून गावोगावचे नमुना १४ चे जन्म-मृत्यूचे जुने कागद, कोतवाल बुक म्हणतात ते, बाहेर काढून स्कॅन झालेत. तुमची जात कोणतीही असो, तहसीलला विचारायला हरकत नाही.

मोडीचा_नाद

ताई, ११ पैकी ९ पत्रं वाचून झाली, मेसेजमध्ये लिप्यंतर पाठवलंय. पणजोबांचं अक्षर सुंदर आहे, कारकुनी वळण. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद राहत नाही म्हणून दोन-तीन नावांखाली रेघ मारलीय, ती तुमच्या आईंना विचारून ठरवा.

एका कार्डाबद्दल मात्र इथे लिहितो, तुम्ही परवानगी दिलीत म्हणून. कोपरा उंदराने खाल्लेलं. ते उंदराने खाल्लेलं नाही. कोपरा हाताने फाडलेला आहे, सरळ तिरका. मृत्यूची बातमी असली की कार्डाचा कोपरा फाडून टाकायचे, घेणाऱ्याला हातात घेतल्याबरोबर कळावं म्हणून. असं कार्ड घराबाहेरच वाचायचं, वाचून फाडून टाकायचं आणि अंघोळ करून घरात यायचं, घरात ठेवायचं नाही.

कार्तिक वद्य, शके १८६८. म्हणजे नोव्हेंबर १९४६. मजकूर चारच ओळी आहेत. "माईस देवाज्ञा झाली. शेवटपर्यंत शुद्धीवर होत्या, तुझे नाव काढीत होत्या. तुझे दिवस भरत आले आहेत तरी येण्याचे करू नये, माझी शपथ आहे. त्यांनी तुला वाढविले, त्यांचे सुतक तू आईचे समजून धर."

तांबडी_ट्रंक

काल रात्री आईला वाचून दाखवलं. आई डिसेंबर १९४६ ची. म्हणजे आजीच्या पोटात तेव्हा आई होती.

आई म्हणाली, तुझी आजी किती कडक सोवळ्याची होती, दारातून कोण शिवलं तर परत अंघोळ करायची, आणि तिने हे कार्ड ७८ वर्षं उशाखाली ठेवलं. पुढे काही बोलली नाही. बाकी उद्या लिहिते.

बोरीकाठ

रविवारी गेलो होतो, लिहायला दोन दिवस लागले.

सकाळी साडेसातलाच गेलो, कारण म्हातारी माणसं त्याच वेळी ओट्यावर असतात, ऊन चढलं की आत जातात. वाडीच्या मागे नदीकडे उतरणारी बोळ आहे, तिथे चार जणांना सराफांचं घर विचारलं, चौघांनी चार ठिकाणं दाखवली, तरुण पोरांना तर काहीच माहीत नाही. मग एका आजीबाईंना विचारलं, नव्वदीच्या असतील, लसूण सोलत बसल्या होत्या. मी आधी मराठीत विचारलं तर हूं हूं करत होत्या, अहिराणीत बोललो तशा खुलल्या. म्हणाल्या, "सराफना वाडा कधीना पडना रे भो, माडी तेवढी ऱ्हायेल शे." आणि उठून काठी घेऊन स्वतः दाखवायला आल्या.

पुढचं सगळं घर गेलंय, तिथे आता पत्र्याचं गोडाऊन आहे. मागची दोन खणांची माडी उभी आहे, सागवानी खांब, खालच्या भिंतीत दिव्याची देवळी, अजून काळी आहे धुराने. वर जायचा जिना अर्धा तुटलाय म्हणून वर गेलो नाही. पण ताई, मी तिथे उभा होतो आणि आठ वाजता वाडीत घंटा वाजली. स्पष्ट ऐकू आली.

माईचं विचारलं. त्या बाईंना माई आठवते, त्या दहा-अकरा वर्षांच्या असतील माई गेली तेव्हा. घरमालकाची विधवा सून होती, लहानपणीच नवरा गेला, "तिले सोतानं पोऱ्यासोऱ्या काहीच नव्हतं." माडीवर मिलमधला एक कारकून भाड्याने राहायचा, त्याची बायको बाळंतपणात गेली आणि मागे पोर राहिली, चार-पाच वर्षांची. ती पोर माईने खाली आपल्याजवळ निजवायला सुरुवात केली ती लग्न होईपर्यंत. घरातल्या लोकांनी फार बोलून दाखवलं म्हणे, परक्याची पोर कशाला, पण माईने ऐकलं नाही. हे त्यांनी त्यांच्या आईकडून ऐकलेलं, म्हणून जसंच्या तसं धरू नका, पण तुमच्या कार्डाशी जुळतंय.

सोमवारी मुलींच्या शाळेत ओळखीच्या बाईंना भेटलो. तुमचं वारसाचं पत्र लागेल म्हणून उतारा दिला नाही आणि बरोबरच आहे ते, पण आजींचं नाव सांगितल्यावर रजिस्टर उघडून त्यांनी नजर टाकली आणि एवढंच म्हणाल्या, ओळ आहे, तुम्ही त्यांना यायला सांगा, पालकाच्या रकान्यात बाईचं नाव आहे, असं आम्ही फार कमी बघतो.

निवृत्त_डाकवाला

ताई, आता माईंची मृत्यूची नोंद नगरपालिकेत बघा. नोव्हेंबर १९४६ महिना हातात आहे, तीस पानं चाळायची फक्त. वय, राहण्याचं ठिकाण मिळेल, आणि वयावरून जन्माचा अंदाज.

तांबडी_ट्रंक

सगळ्यांना एकत्रच लिहितेय, तीन आठवडे झाले.

आम्ही जाऊन आलो, आई, मी आणि माझा मुलगा. बोरीकाठ दादा स्टेशनवर घ्यायला आले, त्यांच्या घरी जेवलो, वहिनींनी भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती, आईने वांग्याचा वास घेतला आणि तिला एकदम ती कापडी पिशवी आठवली, जेवताना मध्येच थांबली. शाळेत उतारा मिळाला. आजीची ओळ निळ्या शाईत आहे, इयत्ता पहिलीत दाखल १९३३, पालकाच्या रकान्यात गं. भा. आणि माईचं पूर्ण नाव, तेच आडनाव जे कूपनवर आहे. नाते या रकान्यात आधी काहीतरी लिहून खोडलंय आणि वर "आई" लिहिलंय. खोडलेलं मी खूप प्रयत्न करून वाचायला बघितलं, फोटो मोठा करून, उजेडात धरून, नाही आलं. आई म्हणाली सोड, खोडलेलं ते खोडलेलं.

शाळा सोडल्याचं कारण: लग्न.

डाकवाले काका, मृत्यूची नोंद पण मिळाली, माई ५१ वर्षांची होती. ५१ म्हणजे आज मी आहे त्याच्यापेक्षा एकच वर्ष मोठी. मी तिला पत्रांवरून सतत म्हातारी समजत होते.

माडीवर गेलो नाही, जिना धोक्याचा आहे, आजच्या मालकांनी खालपर्यंत येऊ दिलं तेच खूप झालं. आईने देवळीत हात घातला आणि बोटाला लागलेली काजळी रुमालाला पुसून तो रुमाल तसाच घडी घालून आणलाय.

वंशावळीचं म्हणाल तर आता पणजीच्या दोन चौकटी केल्यात. एक जिचं नाव अजून मिळालं नाही, आजीला जन्म देणारी, बाळंतपणात गेलेली, आणि एक माई, पूर्ण नावासकट. माझा मुलगा म्हणत होता आपल्या सॉफ्टवेअरमध्ये दोन आया घालता येत नाहीत, म्हणून कागदावर हाताने काढलीय.

आता राहिलं मूळ गाव. पणजोबांच्या मोडी पत्रांत दोनदा "पारोळ्याहून बैलगाडीने दोन कोस" असा उल्लेख आहे आणि एका कार्डावर पारोळ्याचा शिक्का आहे, पितृपक्षातला, १९४३ चा, काका म्हणाले होते तसंच. गावाचं नाव मोडीत "बो" किंवा "भो"ने सुरू होतंय, मोडीचा नाद सरांना दोन्ही शक्यता वाटतात. नाशिकला पुढच्या सोमवारी उपाध्यायांकडे जाणार आहे आडनाव घेऊन. पारोळ्याकडचं कुणी आहे का इथे? पारोळ्यापासून दोन कोसांवर, "बो" किंवा "भो"ने सुरू होणारी गावं कोणती, सगळी सांगा, लहान असलं तरी सांगा, उजाड झालेलं असलं तरी.